फलाट चारवरचा अभ्यास

मी गाडी शिकायला गेले ती एकसष्टाव्या वर्षी. चौतीस वर्षं औषधांच्या दुकानात उभं राहून काढली, डॉक्टरांची अक्षरं वाचली, आणि निवृत्त झाल्यावर ठरवलं की आता बसून करता येईल असं काहीतरी शिकावं. आमच्या भागात गाडी शिकवणाऱ्या बाई एकच. त्यांना सगळे मॅडम म्हणतात. त्या माझ्याहून चांगल्या पंधरा वर्षांनी लहान आहेत, तरी मीही मॅडमच म्हणते. शिकवणीच्या गाडीत जास्तीचा ब्रेक त्यांच्या पायाखाली असतो, आणि ज्याच्या पायाखाली ब्रेक त्याला मान दिलेला बरा.

मॅडमचा आवाज खणखणीत. "काकू, क्लच" असं त्या म्हणाल्या की गाडीच्या काचा बंद असल्या तरी चौकातला पोलीस वळून बघायचा. त्यांचे यजमान बसस्थानकावर उद्घोषक. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली किती उशिरा येणार, हे दिवसभर माईकवर सांगायचं काम. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांचा आवाज झोपेतही ओळखू येईल. चेहरा मात्र फारसा कुणी पाहिलेला नाही. असे दोन आवाज एका घरात. त्यांच्या शेजाऱ्यांना म्हणे या घरी संध्याकाळी काय शिजतंय हे रोज न विचारता कळायचं.

त्यांना एकच मुलगी, सतरा वर्षांची. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी ठेवली तिथे बसून राहायची, म्हणून तिचं नाव ठकी पडलं ते पडलंच. ठकीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. घरात कधी साधा मासासुद्धा पाळलेला नाही, मग हे खूळ कुठून आलं असं मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "काकू, जनावरं लक्षणं वाढवून सांगत नाहीत." चौतीस वर्षं माणसांची लक्षणं काउंटरपलीकडून ऐकलेली मी. मला तिचं म्हणणं लगेच पटलं.

आता, त्या कॉलेजांत जायचं तर प्रवेश परीक्षा. हजारो मुलं बसणार, जागा मोजक्या. ठकीने क्लास लावला, पुस्तकांचा ढीग आणला आणि खोलीत जाऊन बसली. आणि पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती हातात पुस्तक घेऊन दारात आली. आईबाबांचं तेव्हा बाथरूमचा नळ कोणी उघडा ठेवला यावर चाललं होतं. ठकी म्हणाली, "जरा हळू बोलाल का?"

बस, एवढंच. पण दोघांनी ते असं काही मनाला लावून घेतलं की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे चढले. दाराची बेल काढली गेली. टीव्ही उचलून मॅडमच्या बहिणीकडे नेऊन ठेवला. कपडे धुण्याचं मशीन ठकी क्लासला गेली की लावायचं, भांडी टॉवेल अंथरून त्यावर घासायची, आणि बोलायचं म्हणजे अजिबातच बोलायचं नाही. जे सांगायचं ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहायचं. त्यासाठी फ्रिजच्या दांड्याला सुतळीने एक पेन्सिल बांधली होती.

"म्हणजे तुम्ही घरी एक अक्षरही बोलत नाही?" मी मॅडमना विचारलं. आमची गाडी सिग्नलला उभी होती.

"नाही. म्हणून तर इथे तुमच्यावर ओरडून घेते," त्या म्हणाल्या. "काकू, हिरवा झाला."

ही सगळी हकिकत मला अशीच सिग्नलला सिग्नलला कळत गेली. यजमानांच्या चिठ्ठ्या मॅडम गाडीच्या कप्प्यात जपून ठेवायच्या आणि मला दाखवायच्या. त्या गृहस्थांना दुसऱ्या तऱ्हेने लिहिताच येत नव्हतं. एका चिठ्ठीत होतं, "सूचना. सकाळचे दूध फाटले आहे. प्रवाशांनी कोरा चहा घ्यावा. गैरसोयीबद्दल क्षमस्व." दुसरीत होतं, "आठ वाजता निघणारी मी ही व्यक्ती इस्त्रीच्या शर्टाअभावी वीस मिनिटे उशिरा निघेल." घरी ती वाचताना मॅडमना हसू फुटलं की जिन्यात जावं लागायचं. शिंक आली तरी जिन्यातच.

क्लासमध्ये दर पंधरवड्याला शंभर गुणांची सराव परीक्षा असे. ठकीला पहिल्या परीक्षेत एकाहत्तर मिळाले. दुसरीत सहासष्ट. तिसरीत अठ्ठावन्न. गुण उतरत गेले तशी घरातली शांतता चढत गेली. मॅडमच्या यजमानांनी भिंतीवरच्या घड्याळाची बॅटरी काढून ठेवली, कारण काटा वाजतो. मग वेळ कळेना म्हणून ते उशिरा पोचले आणि त्या दिवशी पहिल्या तीन गाड्या मुक्याने सुटल्या.

चौथ्या परीक्षेत ठकीला एकदम चौऱ्याऐंशी मिळाले.

"लागू पडली शेवटी शांतता," मॅडम म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी मला न ओरडता तिसऱ्या गिअरपर्यंत जाऊ दिलं.

मी मात्र औषधवाली. मी म्हटलं, "मॅडम, दीड महिना उलटा गुण देणारं औषध पुढच्या पंधरवड्यात अचानक लागू पडत नसतं. तिचं दुसरं काहीतरी चालू असणार."

"दुसरं म्हणजे काय?"

"ते मला काय माहीत. मी फक्त औषधांचं सांगते."

मॅडमना ते आवडलं नाही. उरलेला तास मी पार्किंगमध्ये रिव्हर्स करत होते.

पण दुसरं काहीतरी चालू होतंच, आणि ते सापडलं यजमानांना. उद्घोषकांची केबिन बसस्थानकाच्या पोटमाळ्यावर, समोर मोठी काच. एका मंगळवारी साडेतीनला त्यांनी सहज खाली पाहिलं तर फलाट चारवरच्या बाकावर ठकी. तिने त्या वेळी लायब्ररीत असायला हवं होतं. घरी तसं सांगितलेलं. फलाट दोनवर लागलेली गाडी त्यांनी त्याच धक्क्यात फलाट चारवर आहे असं जाहीर केलं. चाळीसएक माणसं बोचकी, बॅगा, पोरंबाळं घेऊन फलाट चारकडे धावली. ठकीने मान वर न करता फक्त पाय उचलून बाकावर घेतले, माणसं जाऊ दिली, चूक कळून परत येऊ दिली आणि पाय खाली सोडले.

बुधवारी ती पुन्हा तिथेच. गुरुवारीही.

फलाट चारवरून लांबच्या गाड्या सुटतात. बापाच्या मनात काय काय आलं असेल ते आलं. घरी आल्यावर त्यांनी मॅडमना स्वयंपाकघरात ओढत नेलं आणि पेन्सिल हातात घेतली.

लग्नानंतरच्या वीस वर्षांतलं त्यांचं सगळ्यात मोठं भांडण त्या संध्याकाळी झालं, आणि शेजाऱ्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. पेन्सिल एकच, तीही दोरीला बांधलेली. यजमानांनी लिहिलं, "ती कोणाची तरी वाट बघते." मॅडमनी पेन्सिल ओढून घेऊन लिहिलं, "वाट बघणारी मुलगी दर दोन मिनिटांनी वर बघते. तिने बघितलं का?" यजमानांनी बराच विचार केला आणि लिहिलं, "नाही." मग, "पळून जायचा विचार असेल. अभ्यासाला कंटाळून." मॅडमनी लिहिलं, "तुम्ही तिला घाबरवता." यजमानांनी "मी" हा शब्द लिहून त्याखाली तीन रेघा मारल्या आणि पेन्सिलीचं टोक मोडलं. टोक काढायचं यंत्र ठकीच्या खोलीत. भांडण दहा मिनिटं अडून राहिलं. मॅडमनी मग सुरीने टोक काढलं.

"एक सांगू का काकू," मॅडम मला म्हणाल्या, "पेन्सिल त्यांच्या हातात असली की मला थांबावंच लागायचं. त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत. वीस वर्षांत मी त्यांचं एकही वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं बहुतेक. त्यांना इतकी काळजी वाटते हे मला माहीतच नव्हतं."

त्या भांडणातून ठरलं ते असं, की ठकीला थेट विचारायचं नाही. परीक्षा तीन महिन्यांवर आलेली, मुलगी बिथरली तर काय घ्या. आधी मॅडमनी स्वतः जाऊन बघायचं.

शुक्रवारी दुपारी मॅडम मला म्हणाल्या, "काकू, आज जरा गर्दीतून गाडी काढायचा सराव करू. बसस्थानकाकडे घ्या."

मी काय ओळखायचं ते ओळखलं. पण कुतूहल मलाही होतं.

बसस्थानकाच्या आवारात बाहेरच्या गाड्यांना मज्जाव. तसा मोठा फलक आहे आणि मी तो वाचलासुद्धा. मॅडम म्हणाल्या, "हळूच आत घ्या, वळसा घालून लगेच बाहेर." मी आत घेतली. फलाट एक गेला, दोन गेला, तीन गेला. चारसमोर येताच मॅडम सीटवर खाली सरकल्या, पार डोळे काचेच्या खालच्या कडेला टेकतील इतक्या, आणि कुजबुजल्या, "हळू, हळू, अजून हळू." मी इतकी हळू केली की गाडी बंद पडली.

नेमकी फलाट चारच्या तोंडावर. मागून लांबच्या पल्ल्याची बस आली. तिने हॉर्न दिला. मी किल्ली फिरवली, गाडीने उडी मारली आणि पुन्हा बंद. बसच्या मागे दुसरी बस आली. तिनेही हॉर्न दिला. मॅडम खालूनच "क्लच, क्लच" म्हणत होत्या, पण कुजबुजत, आणि कुजबुजलेला क्लच मला समजतच नव्हता.

तेवढ्यात डोक्यावरच्या कर्ण्यातून तो ओळखीचा आवाज आला. "कृपया लक्ष द्या. फलाट क्रमांक चारसमोर उभी असलेली लाल रंगाची शिकाऊ गाडी तिच्या चालकाने ताबडतोब..." इथे आवाज थांबला. गाडी कुणाची हे त्यांना त्याच क्षणी कळलं असावं. मग जरा वेगळ्याच सुरात, "अगं, हे काय?"

तेही सगळ्या स्थानकाला ऐकू गेलं.

ठकीने मान वर केली. आधी कर्ण्याकडे पाहिलं, मग लाल गाडीकडे, मग गाडीत खाली दडलेल्या आईकडे. पुस्तकात बोट घालून ते मिटलं आणि शांतपणे आमच्याकडे आली.

"आई, वर ये. दिसतेस," ती म्हणाली.

मागच्या बसचा ड्रायव्हर सज्जन निघाला. त्याने मला उतरायला सांगितलं आणि आमची गाडी कडेला लावून दिली. उद्घोषक जिन्यावरून धावत खाली आले. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. इतक्या भारदस्त आवाजाचा माणूस इतका किरकोळ असेल असं मला वाटलं नव्हतं.

आम्ही चौघं फलाट चारच्या बाकावर बसलो. कोणीच बोलेना. घरची सवय इथेही लागली होती की काय कोण जाणे. शेवटी मीच म्हटलं, "ठकी, तू इथे काय करतेस गं?"

"अभ्यास," ती म्हणाली. पुस्तक उघडून दाखवलं. गाईच्या पोटाचे चार कप्पे होते, रंगीत.

"इथे?" तिचे बाबा म्हणाले. "या गोंधळात? आणि घरी एवढी शांतता असताना?"

"म्हणूनच तर." ठकी म्हणाली. "बाबा, तुम्ही मोजे घालून चालता ना, ते मला ऐकू येतं. आई शिंकायला जिन्यात जाते, तर ती केव्हा परत येईल याकडे माझं लक्ष. भांडं टॉवेलवर ठेवलं की वाटतं, आता हे पडणार. मी दिवसभर तुम्ही आवाज न करणं ऐकत बसते. गाईच्या पोटात शिरायला वेळच मिळत नाही."

"मग लायब्ररी?" मॅडम म्हणाल्या.

"तिथे गेले होते. तिथेही शांतता. इथे कसं, गाड्या येतात, माणसं ओरडतात, पण माझ्यासाठी कोणीच काही करत नसतं. आणि बाबांचा आवाज असतो वरून. लहानपणापासून त्याच आवाजात अभ्यास केलाय. चौऱ्याऐंशी इथलेच आहेत."

मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी बसच्या पाटीकडे पाहिलं.

"पण तूच म्हणालीस ना, हळू बोला म्हणून," यजमान म्हणाले.

"हळू म्हणाले. त्या दिवशी. नळ प्रकरण मिटेपर्यंत."

"मग आम्हाला सांगायचं नाही का?"

ठकीने पुस्तकाचा कोपरा दुमडला, उलगडला. "कसं सांगणार? तुम्ही टीव्ही मावशीकडे दिलात. आईने बोलणं सोडलं. आईने, बाबा. एवढं सगळं केल्यावर, ते नको होतं असं तोंड वर करून सांगायचं कसं?"

यजमानांनी रुमाल काढून उगाचच चष्मा पुसला. वर केबिनमध्ये कुणीच नसल्यामुळे तीन फलाटांवरचे प्रवासी एकमेकांना विचारत हिंडत होते, ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते पळाले.

त्या संध्याकाळपासून घरात बोलायला परवानगी मिळाली. पण गंमत अशी, की पहिल्या दिवशी जेवताना दोघांनाही बोलणं सुचेना. यजमानांचा हात आपोआप फ्रिजकडे जाई. तिसऱ्या दिवशी मॅडम त्यांच्यावर पंख्याचं बटण चालू ठेवल्याबद्दल कडाडल्या, आणि आतून ठकी म्हणाली, "हां, आता कसं."

मॅडमना मात्र नवीच काळजी लागली. परीक्षेच्या हॉलमध्ये तर टाचणी पडलेली ऐकू येईल अशी शांतता असणार. तिथे या पोरीचं काय होणार? त्यांनी ती काळजी मला चढावर सांगितली, जिथे मला माझी काळजी पुरेशी होती.

"तिलाच विचारा ना," मी म्हटलं. "आता बोलता ना तुम्ही?"

त्यांनी विचारलं. ठकी म्हणाली, "ती परक्यांची शांतता, आई. तिचं मला काही ओझं नाही."

परीक्षेच्या दिवशी दोघंही तिच्याबरोबर गेली. यजमानांनी वेळापत्रक आखलं होतं, त्यामुळे ती मंडळी केंद्रावर दोन तास आधीच पोचली आणि चौकीदाराच्याही आधी उभी राहिली. नंतर पालकांची ही गर्दी जमली. एक बाई मुलाला फाटकापर्यंत सूत्रं विचारत आल्या आणि फाटक लागल्यावरही गजांतून एक विचारलंच. एक गृहस्थ घडीची खुर्ची घेऊन आले होते, तिच्यावर ते क्षणभरही बसले नाहीत. तीन तास मॅडम फाटकासमोर येरझाऱ्या घालत होत्या. यजमान झाडाखाली उभे राहून, कोणी न विचारता, येणाऱ्याजाणाऱ्याला प्रसाधनगृह कुठे आहे ते सांगत होते.

ठकी बाहेर आली.

"फार शांत होतं का गं आत?" मॅडमनी पहिलं हेच विचारलं.

"कसलं शांत. मागच्या बाकावरची मुलगी तीन तास नाक ओढत होती. आणि सरांचा एक बूट वाजत होता, डावा. पेपर बरा गेला."

बरा म्हणजे किती बरा, ते कळायला महिना लागला. निकाल लागला तो ना धड इकडचा ना धड तिकडचा. पार खाली नाही, पण डोळे झाकून कुठेही प्रवेश मिळावा असाही नाही. मग कॉलेजांची पसंती भरायची होती. अकरा कॉलेजं, त्यांचा क्रम लावायचा. हे काम त्या घरात चार दिवस चाललं, पूर्ण आवाजात. जवळचं आधी की चांगलं आधी, यावर भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनीही मत दिलं. ठकीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि शेवटी आपल्याला हवा तोच क्रम भरला. जिथे जनावरांचा दवाखाना सगळ्यात मोठा ते आधी, घरापासून किती लांब ते बघायचंच नाही.

पहिल्या यादीत नाव नव्हतं. तो आठवडा वाईट गेला. मॅडम माझ्यावर ओरडल्याच नाहीत, आणि मला चुकल्यासारखं झालं. यजमान, म्हणे, माईकवर इतकं हळू बोलत होते की वरिष्ठांनी तब्येत विचारली. ठकीच दोघांना समजावत होती, की दुसरी यादी यायची आहे, आणि तीही नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा बसेन, त्यात काय. एका संध्याकाळी मात्र मॅडमना ती मोरीत तोंड धुताना दिसली, बराच वेळ. मॅडम नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या, आणि नंतर टॉवेल दिला.

दुसऱ्या यादीत नाव लागलं. सातव्या पसंतीचं कॉलेज, गाडीने पाच तासांवर. ठकीने तिथल्या दवाखान्यात किती घोडे आहेत ते शोधून काढलं आणि खूश झाली. त्याच आठवड्यात मी तिसऱ्या प्रयत्नात गाडीची परीक्षा पास झाले, पण त्याचं कौतुक कुणाला असणार.

प्रवेशाच्या दिवशी तिघं लाल गाडीने गेली. कागद तपासणाऱ्या बाईंनी एक दाखला मागितला, तो घरी राहिला होता असं यजमान म्हणाले, तुमच्याच पिशवीत आहे असं मॅडम म्हणाल्या, आणि पिशवीत तो होता. सगळं उरकलं. ठकीची ट्रंक वसतिगृहात पोचली. दुपारी चारला ती म्हणाली, "आता निघा तुम्ही. उगाच उशीर करू नका."

दोघं गाडीत येऊन बसली. मॅडमनी किल्ली लावली आणि फिरवली नाही. यजमानही बराच वेळ समोर बघत बसले. कॉलेजचं मैदान मोठं होतं, एकदम रिकामं. गावातल्या निम्म्या लोकांना गाडी शिकवलेल्या बाईंचा नवरा उभ्या आयुष्यात स्टिअरिंगला हात लावला नव्हता, हे मला ही हकिकत ऐकताना कळलं. बायको शिकवताना ओरडेल या भीतीने, असं त्यांचं म्हणणं.

"या इकडे बसा," मॅडम म्हणाल्या.

"आत्ता?"

"मग कधी? आता कुणाच्या परीक्षा आहेत घरात?"

ते उतरून वळसा घालून आले. गाडी मैदानात तीनदा उडाली आणि तीनदा बंद पडली. चौथ्यांदा चालली, ती त्यांना थांबवता येईना, आणि मॅडमनी आपल्या पायाखालचा ब्रेक दाबला नाही. मैदानाला दोन प्रदक्षिणा झाल्यावर चौकीदार शिट्टी वाजवत आला. म्हणाला, इथे शिकाऊ गाड्या चालवायला परवानगी नाही. यजमानांनी काच खाली करून, आपल्या त्या भारदस्त आवाजात, गैरसोयीबद्दल क्षमस्व म्हटलं. चौकीदाराने चक्क सलाम केला आणि अजून एक फेरी मारू दिली.

सहा वाजून गेले होते, तेवढ्यात ठकीचा मेसेज आला. "अर्धा रस्ता झाला असेल ना?"

मॅडमनी फाटकाच्या आतूनच उत्तर पाठवलं, "हो, झाला."